वन्संची दाढ

मैत्रिणींनो, परदेशातलं माणूस सुट्टीला घरी यायचं ठरलं की आपली लगबग सुरू होते. गाद्यांना ऊन दाखवायचं, गिझर तपासून घ्यायचा, थालीपिठाची भाजणी दळून आणायची, शिंप्याकडे ब्लाउज टाकायचे. आमच्या घरी या यादीत गेली बरीच वर्षं आणखी एक ओळ ठरलेली आहे: दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवणे. माझ्या धाकट्या नणंदेचा न्यू जर्सीहून फोन येतो तोच असा, "वहिनी, तिकीट काढलंय हं. तीन आठवडे आहे. दातांचं तेवढं बघून ठेवा." आईची तब्येत नंतर, दात आधी! (हे मी मायेनं लिहिते आहे. वन्संनी वाचलं तर रागावू नये.)

पूर्वी मला याचं नवल वाटायचं. एवढ्या श्रीमंत देशात राहायचं आणि दाढ दाखवायला नाशिकला यायचं, म्हणजे काय बाई! मग एकदा वन्संनीच पोळ्या लाटता लाटता मला समजावून सांगितलं. तिथे दातांचा विमा वेगळा काढावा लागतो आणि त्यालाही वर्षाची मर्यादा असते. बहुतेकांची ती हजार ते दोन हजार डॉलरच्या आसपास. एका दाढेचं रूट कॅनाल करून वर कॅप बसवली की ते पैसे तिथेच संपतात, वर पदरचे घालावे लागतात. पासष्टीनंतर सरकारकडून मिळणारा मेडिकेअरचा जो मूळ विमा आहे, त्यात तर दातांचे नेहमीचे उपचार धरलेलेच नाहीत. तेच काम आपल्याकडे, गाव आणि डॉक्टर पाहून, साधारण दहा-वीस हजार रुपयांत होतं.

ही काही आपल्याच माणसांची खोड नाही बरं का. अमेरिकेच्या सरहद्दीला अगदी खेटून मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेस नावाचं चिमुकलं गाव आहे. गाव केवढंसं, पण दातांचे डॉक्टर शेकड्यांनी! लोक अमेरिकेच्या बाजूला गाडी उभी करतात, पायीच सरहद्द ओलांडतात, दाढ दाखवतात आणि संध्याकाळी परत घरी. त्या गावाचं टोपणनावच मुळी मोलर सिटी, म्हणजे दाढांचं शहर. ऑस्ट्रियातले लोक शेजारच्या हंगेरीत जातात, इंग्लंडमधले विमानानं बुडापेस्ट गाठतात. अलीकडे तुर्कस्तानचीही चलती आहे. तिथलं एक मात्र ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पांढरंशुभ्र हसू हवं म्हणून चांगले धडधाकट दात खुंटासारखे घासून घ्यायचे आणि वर ओळीनं कॅप बसवायच्या! घासलेला दात काही नखासारखा परत वाढत नाही. ब्रिटनमधल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं याबद्दल लोकांना बजावूनही सांगितलं आहे.

आता स्वस्त म्हणजे हलकं का? तसं नाही. दातांच्या कामात मोठा खर्च असतो तो माणसाच्या वेळेचा: डॉक्टर, मदतनीस, लॅबमध्ये कॅप घडवणारा कारागीर, शिवाय जागेचं भाडं. हे सगळं आपल्याकडे कमी पैशात होतं. म्हणून रूट कॅनालमध्ये फरक फार मोठा दिसतो. इंप्लांटचं तसं नाही. हाडात बसवायचा तो टायटॅनियमचा स्क्रू पुष्कळदा बाहेरच्या देशातून आलेला असतो आणि त्याची किंमत आपल्याला चुकत नाही. आणि हिशेब करायचा तर पुरता करावा. जाण्यायेण्याचं तिकीटच लाखाच्या घरात जातं; एका दाढेसाठी ते काढलं तर वाचलेले पैसे विमान कंपनीलाच दिल्यासारखे. आईला, भावाला भेटायला यायचंच आहे आणि त्यात दातही होतील, तरच या सौद्यात राम आहे.

हे झालं पैशाचं. मला आज लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल, आणि त्यात माझीही चूक आहे.

२०२२ च्या डिसेंबरात वन्सं आल्या, तेव्हा त्यांची खालची उजवी दाढ तुटून मुळं तेवढी उरली होती. आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. हे आमचे जुने डॉक्टर, जिना चढून जायचं, बाकावर बसायचं, भिंतीवर घड्याळ तेवढं वाजतंय. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, "मुळं काढू. खाली पू आहे, जागा भरू दे. इंप्लांट पुढच्या खेपेला." वन्संचा चेहरा उतरला. "दर वेळी सुट्टी कुठून आणू हो वहिनी?" मलाही वाईट वाटलं. शेजारच्या काकूंनी मोठ्या रस्त्यावरच्या एका नव्या दवाखान्याचं नाव सुचवलं होतं. काचेचा दरवाजा, आत गारवा, कॉफीचं यंत्र. मीच वन्संना तिथे घेऊन गेले. "दहा दिवसांत दात घेऊन जा," असं तिथे सांगितलं आणि केलंही तसंच. मुळं काढली, त्याच बैठकीत स्क्रू बसवला, आठव्या दिवशी वर कॅप. नवव्या दिवशी भाच्याच्या लग्नात वन्सं बुंदीचा लाडू खात होत्या आणि मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते.

मार्चमध्ये फोन आला. दात हलतोय, हिरडी सुजलीय. तिथला डॉक्टर विचारत होता, स्क्रू कुठल्या कंपनीचा, किती मापाचा? एक्स-रेत स्क्रू दिसतो, पण तो कोणाचा हे सहज कळत नाही, आणि प्रत्येक कंपनीचं उघडायचं अवजार वेगळं असतं. आमच्याजवळ काय होतं? एक पावती. तिच्यावर 'दातांचे उपचार' एवढे दोन शब्द आणि रक्कम. मी दवाखान्यात गेले, तर ज्यांनी काम केलं ते डॉक्टर सोडून गेलेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंटला घेऊन या ना." न्यू जर्सीहून!

शेवटी तो स्क्रू तिथेच काढावा लागला. इथे वाचवलेले पैसे तिथे गेले. वन्सं फोनवर एकच वाक्य बोलल्या, "तुम्ही म्हणालात म्हणून गेले, वहिनी." त्यानंतर सहा महिने त्यांचा फोन यायचा तो यांच्या मोबाइलवर. मी चहा घेऊन शेजारी उभी असायची, हे विचारायचे, "हिच्याशी बोलतेस का?" आणि पलीकडून काहीतरी घाईचं निघायचं. बायांनो, दाढेचं दुखणं परवडलं.

मी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे एक शास्त्रज्ञ होते. १९५२ साली सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले, तर ते निघेचना. हाड त्याला धरून वाढलं होतं. त्यातून पुढे १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात असे दात बसवले. सगळी मदार त्या धरून वाढण्यावर आहे आणि त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. काही वेळा त्याच दिवशी वर दात बसवतातही, नाही असं नाही. पण हाड भक्कम असावं लागतं, स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसावा लागतो, आणि खाली पू असला तर जपून ठरवावं लागतं. "हाडाला परतीच्या विमानाची तारीख कळत नाही, वहिनी," ते म्हणाले.

तेव्हापासून मी शहाणी झाले आहे. तुमच्याकडे कोणी येणार असेल तर दोन-तीन महिने आधीच तिथला एक्स-रे मागवा आणि इथल्या डॉक्टरांना दाखवा. आता मोबाइलवर सहज येतो. डॉक्टरांचा दंत परिषदेकडचा नोंदणी क्रमांक पाहायलाही संकोच करू नका. माणूस आलं की पहिल्या दोन-तीन दिवसांतच दवाखाना गाठायचा. लग्नकार्य, कुलदैवत, खरेदी सगळं नंतर. तीन आठवड्यांत दात साफ करणं, किडलेले भरणं, रूट कॅनाल आणि कॅप हे बहुधा नीट बसतं. मात्र कॅप निघण्याच्या आदल्या दिवशी बसवू नका. चार-पाच दिवस तिच्यावर जेवून पाहायला हवं. उंच लागते, टोचते, ते भाकरी चावताना कळतं, खुर्चीत कळत नाही. इंप्लांट असेल तर सरळ दोन खेपा धरा.

आणि औषधं! आपली परदेशातली माणसं साठीच्या पुढे गेली की एक डबीभर गोळ्या घेत असतात आणि दातांच्या डॉक्टरांना त्यातली एकही सांगत नाहीत. "दाताचा आणि त्याचा काय संबंध?" रक्त पातळ ठेवण्याची गोळी असेल तर दाढ काढताना ते सांगायलाच हवं, स्वतःच्या मनानं बंदही करायची नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा इंजेक्शन असतं, ते तर आवर्जून सांगा, कारण त्या औषधांवर असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास होतो. साखर ताब्यात नसेल किंवा सिगारेट असेल तर इंप्लांट फसण्याची भीती वाढते. हे विचारताना पाहुण्यांना राग येईल असं वाटतं. येऊ द्या.

दाढ काढल्यावर पहिले चोवीस तास चुळा भरायच्या नाहीत, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉनं सरबत ओढायचं नाही. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघाली की दोन-तीन दिवसांनी जो ठणका लागतो तो विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्यानं हलक्या चुळा. दुखणारी गोळी दाढेत धरून ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. ती मोडा, हिरडी भाजते. लवंगेचं तेलही थेंबभर कापसावर घेऊन नुसत्या दाताला, हिरडीला नाही. आणि घरात चिवडा, चकली, गुळाची चिक्की यांचे डबे चार दिवस वरच्या फळीवर ठेवा. माहेरवाशिणीचा हात तिकडे जातोच.

वन्सं २०२३ च्या डिसेंबरात आल्या, तेव्हा त्यांचा राग निवळला होता असं मी म्हणणार नाही. पण त्या आल्या आणि माझ्याबरोबर तो जुना जिना चढल्या. जागा चांगली भरली होती. तिसऱ्या दिवशी स्क्रू बसला, दहाव्या दिवशी टाके निघाले, आणि वन्सं दाताशिवाय परत गेल्या. मी एक पिवळी फाइल केली. तिच्यात आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेला उपचारांचा कागद, सविस्तर पावती आणि स्क्रूच्या डबीवरचं कंपनीचं नाव, माप आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर. हे स्टिकर मागून घ्या हं, मैत्रिणींनो. न मागता ते सहसा कोणी देत नाही. फाइलीची एक प्रत त्यांच्या बॅगेत आणि एक माझ्या कपाटात, रेशनकार्डाशेजारी.

२०२४ च्या नोव्हेंबरात त्या कॅप बसवायला आल्या. काम झालं. डॉक्टर हात धुता धुता मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही शेवटचं कधी दाखवलंत?" मी हसले. मग मनात मोजलं. नऊ वर्षं. वरच्या दाढेला गरम चहा लागला की कळ यायची म्हणून मी डावीकडूनच चावायला कधी लागले, ते मलाही आठवेना. खालीही काहीतरी अडकत होतं. घरात सासूबाईंची कवळी, मुलाच्या तारा, यांची कॅप, सगळ्यांच्या तारखा मला पाठ. पैशाचाही प्रश्न नव्हता. आणि असता तरी डेंटल कॉलेजं आहेत. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी कमी खर्चात काम करतात, खेटे जरा जास्त पडतात एवढंच. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय तर १९३३ पासून आहे. अडलं कुठेच नव्हतं. मी गेलेच नव्हते.

"बघू नंतर, आज घरी..." मी सुरुवात केली, तर वन्संनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "बसा वहिनी," त्या म्हणाल्या, आणि स्वतः बाकावर माझी पर्स मांडीत घेऊन बसल्या. एक वरची दाढ भरण्यासारखी निघाली. खालची नसेपर्यंत गेलेली, तिचं रूट कॅनाल त्याच दिवशी सुरू झालं. बाहेर आले तर वन्संनी दुकानातून नवी फाइल आणली होती. हिरवी. वर माझं नाव घातलं होतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाक त्यांनीच केला. मुगाची मऊ खिचडी. मीठ घालायला विसरल्या होत्या, पण माझी जीभ अजून बधिरच होती. मी ते दुसऱ्या दिवशी यांच्याकडून ऐकलं.