बालरुग्ण परिचारिका : झटपट कोर्सचा सौदा तोट्याचा

बारावीचा निकाल लागला की ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशी हस्तपत्रके स्टेशनाबाहेर हातात पडतात. फी कमी, मुदत कमी आणि लगेच एखाद्या दवाखान्यात काम. कोपर, दिवा, मुंब्रा येथील अनेक पालकांना हा सौदा परवडणारा वाटतो. आमच्या मते तो तोट्याचा आहे, आणि मुलीला लहान मुलांची परिचारिका व्हायचे असेल तर धोक्याचाही आहे.

हे काम अंदाजाने चालत नाही. बाळाचे औषध त्याच्या वजनावरून मोजून द्यावे लागते. सलाईनच्या साध्या सेटमधून १ मिलिलिटरला साधारण २० थेंब पडतात, मुलांच्या सेटमधून ६०. हा फरक ठाऊक नसेल तर बाळाच्या अंगात तिप्पट सलाईन जाऊ शकते. तान्हे मूल दुखणे सांगत नाही. श्वासाची गती, अंगाचा रंग, दूध ओढण्याची ताकद यांवरून ते ओळखावे लागते. ही नजर वॉर्डात वर्षानुवर्षे शिकूनच येते.

जबाबदारीही तेवढीच मोठी. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली, तेव्हा कारवाई परिचारिकांवरही झाली. अशा प्रसंगी ज्या मुलीजवळ नोंदणीच नाही, तिच्या पाठीशी कोण उभे राहणार?

रीतसर मार्ग अवघड नाही. जीएनएम ३ वर्षांचा असून त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचे असून त्याला विज्ञान शाखा व जीवशास्त्र लागते. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. बालरोग विषयात पुढे २ वर्षांचे एम.एस्सी. करता येते. फी भरण्यापूर्वी संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का, हे पालकांनी स्वतः पाहावे. संचालकाच्या शब्दावर विसंबू नये.

आता पैशाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या केंद्राच्या समितीने २०१६ साली शिफारस केली, की ५० खाटांहून लहान खाजगी रुग्णालयानेही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत. शिफारस म्हणजे कायदा नव्हे; पण ती दाखवून पगार मागायचा तर हातात नोंदणीचा दाखला हवा. झटपट कोर्सवाली मुलगी मालक देईल ते घेते. स्वस्तात माणूस मिळतो म्हणून तिला बाळाजवळ उभे करणाऱ्या दवाखानेवाल्यांनीही विचार करावा.

कोपरहून धीम्या लोकलने कळव्याचे महापालिका रुग्णालय जवळ आहे, आणि त्याच गाडीने परळला उतरले की मुलांचे वाडिया रुग्णालय. रात्रपाळीची चिंता वाटत असेल तर वसतिगृह व येण्याजाण्याची सोय आधीच विचारून घ्यावी. पण त्या चिंतेपोटी मुलीची तीन वर्षे वाचवू नका. पुढची तीस वर्षे तिला त्याची किंमत मोजावी लागेल.