मधुमेह आणि एकादशीचें पान

गेल्या आषाढीस आम्ही बुलढाणा जिल्ह्यांत धाड येथें एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. यजमान मधुमेही; रोज इन्सुलिन टोंचून घेणारे. त्या सकाळीं सुई नेहमीप्रमाणें घेतली, आणि उपवास म्हणून पोटांत मात्र कांहींच घातलें नाहीं. दहाच्या सुमारास त्यांस दरदरून घाम सुटला, हात कापूं लागले, जीभ अडखळूं लागली. सूनबाईंनीं प्रसंगावधान राखून साखरपाणी पाजलें म्हणून ते पाव तासांत सावरले. वडील मंडळी 'एकादशी मोडली' म्हणून हळहळली, ती गोष्ट निराळी!

१९२१ सालीं टोरांटो येथें इन्सुलिनचा शोध लागला आणि असंख्य जीव वांचले. पण तें रक्तांतील साखर उतरवितें, जेवण झालें कीं नाहीं हें पाहत नाहीं.

दुपारीं पान आलें तें साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस व बटाट्याची भाजी यांचें. साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिष्टच. सकाळीं तळास गेलेली साखर आतां झपाट्यानें चढणार! आम्हीं ताक, काकडी व मूठभर शेंगदाणे सुचविले. या प्रांतांतील ज्वारीची भाकरी, मुगाचें वरण व मेथी याहून कितीतरी बरीं, परंतु तीं उपवासास कशीं चालावीं?

चित्राहुती घालून, मौन धरून सावकाश जेवण्याची जुनी चाल आम्हांस येथें आठवली. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. घाईनें जेवणारा तोंवर दोन घांस अधिकच खातो.

कार्तिकीपूर्वीं डॉक्टरांस विचारून सुईचें प्रमाण ठरविण्याचें यजमानांनीं कबूल केलें आहे. सूनबाईंचा त्यावर फारसा विश्वास दिसला नाहीं.