आमचुराची चव आणि श्रमाचे मोल

इटलीतील ऑलिव्ह बागाईतदार पाहुण्यांना तेलाची चव देतात, हस्तकाम शिकवितात आणि त्याचे शुल्क घेतात. नंदुरबार जिल्ह्यातील धडगावच्या आमचूर उत्पादकांनीही हा जोडधंदा अवश्य करावा. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहेच. उन्हाळ्यात येथे कैऱ्या सोलून, चकत्या कापून उन्हात वाळवितात. त्यावर अवकाळी पाऊस पडल्यास माल काळवंडतो व भाव उतरतो. पाहुण्याने आमचूर चाखून थांबू नये; सुरी हाती घेऊन टोपलीभर कैऱ्या सोलाव्यात, म्हणजे शेरभर आमचुरामागील कष्ट त्यास उमजतील व भावाची घासाघीस तो करणार नाही. मात्र आदिवासी जीवनाचे प्रदर्शन मांडले जाऊ नये. पाहुणा शिकावयास येतो. शिकविणारी स्त्री त्याची गुरू होय. शुल्कही तिच्याच हाती पडले पाहिजे.