ध्वनिमुद्रिकांची संगणकीय सूची आणि कवीचे नाव

१

महाविद्यालयांच्या मराठी विभागांत पुस्तकांच्या कपाटाशेजारी आता सीडींचाही एक खण असतो. नाट्यपदे, भावगीते, अभंग, कवींनी केलेले स्वतःच्या कवितांचे वाचन, चर्चासत्रांतील भाषणे असे बरेच काही त्यात साठलेले असते. पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, त्याचे वर्गीकरण होते आणि ते हरवल्यास चौकशी होते. सीडीच्या वाट्याला यांपैकी काहीही येत नाही. एखादा विद्यार्थी प्रबंधिकेसाठी काही ऐकावयास आला, तर त्याला खण दाखवला जातो आणि शोध त्याच्यावर सोपवला जातो. नव्या लॅपटॉपपैकी पुष्कळांत सीडी घालण्याची सोयच राहिलेली नाही. तेव्हा हा साठा संगणकावर उतरवून घेणे आणि त्याची सूची करणे, हे काम आता फार काळ पुढे ढकलता येणार नाही.

हे काम ग्रंथपालांचे किंवा संगणक जाणणाऱ्या एखाद्या उत्साही विद्यार्थ्याचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात त्याहून वेगळे मत मांडावयाचे आहे. ध्वनिमुद्रिकांची सूची करणे हे मूलतः वाङ्मयीन काम आहे. ते वाङ्मयाच्या अभ्यासकाने केले नाही, तर सूचीतून जी गोष्ट सर्वप्रथम नाहीशी होते ती म्हणजे कवीचे नाव.

२

आरंभी यंत्राची बाजू थोडक्यात पाहू. ध्वनीच्या सीडीचे मानक फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली निश्चित केले व १९८२ साली सीडी बाजारात आली. या मानकानुसार सीडीच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. परंतु तीत फक्त प्रत्येक भाग कोठे सुरू होतो एवढेच, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा अंश या मापांत, नोंदलेले असते. गीताचे शीर्षक, गायक, कवी यांपैकी काहीही त्यात नसते. शीर्षकादी मजकूर साठवण्याची सोय १९९६ साली जोडली गेली. पण ती ऐच्छिक होती व पुष्कळ प्रकाशकांनी ती वापरली नाही. त्यामुळे सीडी संगणकात घातली असता पडद्यावर ‘अननोन आर्टिस्ट’ आणि ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’ अशी यादी उमटते, यात संगणकाचा दोष नाही. त्याला सांगितलेच गेले नाही, ते तो कोठून सांगणार?

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात ‘सीडीडीबी’ ही सार्वजनिक नोंदवही निघाली. सीडीवरील भागांच्या आरंभस्थानांवरून व एकूण कालावधीवरून एक क्रमांक काढावयाचा आणि त्या क्रमांकाखाली श्रोत्यांनीच नावे टंकून द्यावयाची, अशी तिची पद्धत होती. ही नोंदवही पुढे व्यापारी झाली. तिच्या जागी उभी राहिलेली मुक्त नोंदवही ‘फ्रीडीबी’ २०२० साली बंद पडली. २००० साली सुरू झालेली ‘म्युझिकब्रेन्झ’ मात्र आजही चालू आहे. या साऱ्यांतून आपल्यापुरता एक बोध घेता येतो. ज्या समाजाचे लोक नोंद करावयास बसले त्याचे संगीत नीट नोंदले गेले. इतरांचे एक तर राहिले, नाही तर रोमन लिपीतील मनमानी स्पेलिंगांत विखुरले गेले.

३

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या सर्व व्यवस्थांचा पाया ‘शीर्षक, कलाकार, अल्बम’ या तीन रकान्यांवर उभा आहे. एमपी३ धारिकेला माहिती जोडण्याची ‘आयडी३’ ही पद्धत १९९६ साली आली. तिच्या पहिल्या रूपात संपूर्ण माहितीसाठी १२८ बाइट इतकीच जागा होती आणि वरील तिन्ही रकान्यांना प्रत्येकी तीस बाइट दिलेले होते. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीने देवनागरी लिहिल्यास प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे तीस बाइटांत दहाच चिन्हे मावतात, आणि त्यांत काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. एवढ्या जागेत ‘गजानन दिगंबर माडगूळकर’ हे नाव मावणे शक्य नव्हते. पण जागेची अडचण दुय्यमच म्हणावी लागेल. त्या नावासाठी रकानाच नव्हता, ही खरी अडचण. १९९८ साली आलेल्या पुढील रूपात गीतलेखकाचा रकाना मिळाला. तथापि बहुतेक आज्ञावली तो दर्शनी पटावर दाखवत नाहीत, आणि जे दिसत नाही ते भरण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

‘कलाकार’ म्हणजे गायक हे गृहीतक पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या बाजारातून आलेले आहे. तेथे ते सोयीचे असेल. मराठीत मात्र गीताचे कर्तृत्व कवी, संगीतकार आणि गायक या तिघांत वाटलेले असते आणि श्रोत्यालाही ही वाटणी परिचित असते. आकाशवाणीवर भावगीत लागले की या तिघांचीही नावे ऐकण्याची सवय आपल्या दोन-तीन पिढ्यांना होती. ‘आठवणीतली गाणी’ या मराठी संकेतस्थळावर प्रत्येक गीताखाली ‘गीत, संगीत, स्वर’ असा क्रम असतो. रसिकांनी आपल्या परंपरेला अनुसरून केलेली ही रचना संगणकाच्या आयत्या रकान्यांपेक्षा कितीतरी अधिक शास्त्रशुद्ध आहे. विद्यापीठीय अभ्यासकांनी तिची दखल घ्यावयास हवी.

जवळचेच उदाहरण घ्यावयाचे तर आरती प्रभूंचे घेता येईल. चिं. त्र्यं. खानोलकरांचा जन्म १९३० सालचा, वेंगुर्ले तालुक्यातला. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. तोवर हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. घनाला उद्देशून लिहिलेली त्यांची कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आशा भोसले यांच्या स्वरात घरोघरी पोहोचली. आयत्या सूचीत ही नोंद ‘आशा भोसले’ या नावाखाली जाईल. चित्रपटगीतांच्या शेकडो नोंदींत ती मिसळून जाईल आणि ‘आरती प्रभू’ असा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काही लागणार नाही. ‘खानोलकर’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती तर नाहीच नाही, कारण टोपणनाव आणि खरे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे संगणकाला कोणी तरी सांगावे लागते. ते सांगण्याचे ज्ञान कोणाकडे आहे? अर्थातच आपल्याकडे.

कर्त्याचे नाव हरवू नये ही चिंता आजची नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या पहिल्या तबकड्या मुद्रित झाल्या, तेव्हा त्या गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारीत. मुद्रणाच्या मूळ प्रती जर्मनीतील हॅनोव्हरला जात; तेथील कारागिरांना गायिकेचे नाव कळावे आणि ते चिठ्ठीवर छापता यावे, हा त्यामागील हेतू होता. आपल्या संतांनी तर हे काम काही शतके आधीच करून ठेवले होते. मौखिक प्रसारात अभंग कोणाचा हे विसरले जाऊ नये म्हणून कवीची नाममुद्रा अखेरच्या चरणात गुंफलेली असते. नाममुद्रेला इतरही अर्थ आहेत, हे खरे. परंतु रचना आणि रचनाकार यांची ताटातूट होऊ न देण्याचे काम ती करते, हे नाकारता येणार नाही. आधुनिक कवी नाममुद्रा घालीत नाही. त्याचे नाव छापील पानावर असते, आणि कविता पानावरून ध्वनीत गेली की ते मागे राहते. ते पुन्हा जोडून देणे हेच सूचीकाराचे काम होय.

४

दुसरा प्रश्न पाठाचा आहे. ‘गीतरामायणा’ची छप्पन गीते १९५५-५६ या वर्षात पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. माडगूळकरांच्या या रचना सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केल्या. परंतु त्या प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे अशा अनेकांचे स्वर होते. पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या एकट्या सुधीर फडके यांच्या स्वरात. आज सीडीवरून सूची केली, तर छपन्नही गीतांपुढे एकच नाव लागेल. ते चूक नाही, पण अपुरे आहे. निरनिराळ्या पात्रांच्या मुखी निरनिराळ्या आवाजांत योजलेली रचना आणि एका गायकाने केलेले तिचे कथन, या वाङ्मयीन दृष्ट्याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाट्यपदांच्या बाबतीत हा गुंता आणखी वाढतो. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांचे ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना वझेबुवांच्या चाली होत्या आणि पुढे ही पदे अनेक गायकांनी मैफलीत गायिली. नाटकाचे नाव, पात्र, प्रसंग, पदकर्ता, चाल देणारा आणि गायक या सहाही गोष्टी कळल्याखेरीज अशा पदाची नोंद पूर्ण होत नाही. शिवाय जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. पद त्या मापात कापून बसवावे लागे. सीडीवर आज ऐकू येणारा पाठ अनेकदा असा कापलेला असतो. हस्तलिखितातील पाठभेद आपण तळटीपांत काटेकोरपणे देतो. ध्वनिमुद्रणातील पाठभेदांची मात्र साधी नोंदही आपल्याकडे नसते.

ग्रंथालयशास्त्रात १९९८ पासून कृती, तिचा आविष्कार, तिचे प्रकाशन आणि हातातील प्रत असा चार पातळ्यांचा विचार मांडला गेला आहे. म्युझिकब्रेन्झमध्येही कृती, ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन यांच्या नोंदी वेगळ्या ठेवता येतात व कृतीला गीतलेखक जोडता येतो. संहिता आणि प्रयोग यांतील भेद जाणणाऱ्या मराठीच्या अभ्यासकाला ही मांडणी अपरिचित वाटू नये.

५

लोकवाङ्मयाकडे वळताच हे रकाने उलट्या बाजूने अपुरे पडतात. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचा संगणकीय संग्रह झाला आणि २०१७ पासून ‘परी’ या संस्थेने तो वाचकांपुढे आणण्यास आरंभ केला. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका अशी माहिती मिळते. अशा ओवीचा ‘कवी’ कोण, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. पण ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून गाणारीचे नाव गाळणे हाही अन्यायच ठरला असता. तो त्यांनी केला नाही, म्हणूनच हा संग्रह अभ्यासाला उपयोगी पडतो.

आपल्या भागातील जाखडीच्या सीडी या दृष्टीने पाहाव्यात. शक्ती-तुऱ्याचे सामने, गण, गौळण, सवाल-जवाब असा हा मजकूर गावोगावच्या बाजारात विकला गेला. वेष्टनावर शाहिराचे नाव आणि छायाचित्र असते; साल बहुधा नसते. जगातील कोणत्याही नोंदवहीत या सीडींची माहिती सापडेल असे मानण्यास आधार नाही. वेष्टन हरवले की ती केवळ एक निनावी चकती उरते. कोकणातील मौखिक परंपरेवर संशोधन करू पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही हानी भरून न येणारी आहे.

६

यावर काही आक्षेप संभवतात. सारे काही आता मोबाइलवर ऐकावयास मिळते, मग सीडी कशाला, असे विचारले जाईल. मिळते हे खरे. पण तेथील नोंदींतही गायक पुढे आणि कवी मागे असाच प्रकार बहुधा असतो. शिवाय आज असलेली धारिका उद्या तेथे असेलच याची शाश्वती नाही. प्रबंधात दिलेला संदर्भ दहा वर्षांनी तपासता यावयास हवा. दुसरा आक्षेप स्वामित्वहक्काचा. धारिका सर्वांना वाटणे आणि सूची करणे यांत भेद आहे. सूची करण्याने कोणाच्या हक्काला बाध येत नाही. उलट २०१२ सालच्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात गीतलेखक व संगीतकार यांचा मानधनातील वाटा अधिक सुरक्षित झाला आहे. म्हणजे कवीचे नाव नोंदणे हे आता केवळ सौजन्य राहिलेले नाही. तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. अध्यापन, परीक्षा आणि अहवाल यांतून उरलेल्या वेळात हे काम एका प्राध्यापकाच्या हातून होणार नाही.

म्हणूनच ते अभ्यासक्रमाचा भाग करावे, अशी माझी सूचना आहे. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात एका सीडीची संपूर्ण नोंद करावी. कवी, संगीतकार, गायक, मूळ संग्रह अथवा नाटक, ध्वनिमुद्रणाचे साल, प्रकाशक व तबकडी क्रमांक, छापील पाठाशी तुलना आणि वेष्टनाचे छायाचित्र असे आठ रकाने पुरेसे आहेत. सालाचा आधार नसेल तेथे अंदाज न लिहिता रकाना रिकामा ठेवावा. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखी आज्ञावली वापरून ध्वनी ‘फ्लॅक’ या प्रकारात उतरवल्यास त्याच्या गुणवत्तेत घट होत नाही. त्या धारिकेला हवे तितके रकानेही जोडता येतात. रकान्याचे नाव रोमन अक्षरांत ठेवावे लागते. मजकूर मात्र देवनागरीत, तोही युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या खाजगी फाँटांत केलेल्या याद्या आज उघडत नाहीत, हा अनुभव पुष्कळ विभागांच्या गाठीशी आहे.

हे काम करताना विद्यार्थी संग्रह धुंडाळेल, पाठ ताडून पाहील आणि एखाद्या पदाचा कर्ता निश्चित करण्यासाठी चार पुस्तके उघडेल. संशोधनपद्धतीच्या तासाला आपण जे फळ्यावर लिहून देतो, ते तो येथे प्रत्यक्ष करील. निरनिराळ्या महाविद्यालयांनी एकाच नमुन्यावर नोंदी केल्यास त्या एकत्रही आणता येतील. आरंभ विभागातील त्या एका खणापासून व्हावा. पहिली सीडी बाहेर काढून तिच्यावरील पहिल्या गीताचा कवी कोण, एवढे लिहिले तरी काम सुरू झाले असे म्हणता येईल.