तोंडातली न भरणारी जखम

मरोळच्या माझ्या दवाखान्यात परवा एक रिक्षाचालक आले. तीन महिन्यांपासून गालाच्या आत चट्टा. ‘‘डॉक्टर, उष्णता झालीय, बी कॉम्प्लेक्स लिहून द्या,’’ म्हणाले. तंबाखू खाता का, असे विचारले तर उत्तर आले, ‘‘छे, नुसती सुपारी!’’ तोंड उघडायला सांगितले, तर त्यांची स्वतःची तीन बोटे उभी आत जाईनात.

वाचकहो, ‘नुसती सुपारी’ हा घातक गैरसमज आहे. तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले आहे.

असे का होते? जखम झाली की पांढऱ्या पेशी तिथे धावतात. जागा लाल होते, सुजते. काम आटोपले की दाह शमतो. पण दिवसातून दहा वेळा तीच जागा सुपारीने सोलवटत राहिली, तर दाह शमतच नाही. मग या राखणदारांचेच वर्तन बिघडते. घाण साफ करणाऱ्या भक्षक पेशी सतत डागडुजी करत राहतात. वाढीची द्रव्ये आणि नव्या रक्तवाहिन्या पुरवतात. रोगट पेशींना ठार करणाऱ्या टी-पेशी थकून जातात. अशा जागी एखादी पेशी कर्करोगाच्या वाटेला लागली, तर तिला मारणारे कमी आणि पोसणारेच जास्त!

थकलेल्या टी-पेशींना पुन्हा कामाला लावणारी औषधे आता आहेत. त्यामागील शोधाला २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातलेच निव्होलुमॅब परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अगदी अल्प मात्रेत, इतर औषधांच्या जोडीने, डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात देऊन पाहिले. २०२२ च्या त्या अहवालानुसार वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण शंभरात सुमारे १६ वरून ४३ वर गेले. यश मोठेच, पण उरलेल्या ५७ जणांचे काय?

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे, की खरी लढाई गल्लीतल्या दवाखान्यातच जिंकली पाहिजे. प्रत्येक जखमेचा कर्करोग होत नाही, घाबरू नका. पण दोन आठवड्यांत न भरलेला चट्टा, लाल-पांढरा डाग, तिखट न सोसणे किंवा तोंड कमी उघडणे, यांवर गोळ्या घेत बसू नका. आम्ही डॉक्टरांनीही बी कॉम्प्लेक्स लिहिण्याआधी बॅटरी घेऊन तोंडात नीट पाहावे. त्या रिक्षाचालकांना मी तुकडा तपासून घ्यायला पाठवले आहे. सुपारीची पुडी मात्र त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवली.