जर्मनी पास, परभणी नापास!

जगात जर्मनी, भारतात परभणी! परभणीवाल्या मित्राकडून हे हजारदा ऐकलंय. पठ्ठ्या पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. परवा त्याच्याच लॅपटॉपवर ही म्हण आपटली.

ऑनलाइन फॉर्म भरताना ‘योग्य नाव टाका’ अशी लाल ओळ तुम्हीही पाहिली असेल. ती कधी दाखवायची, हे बऱ्याचदा रेग्युलर एक्स्प्रेशन ठरवतं. ऑफिसच्या भाषेत ‘रेजेक्स’. मजकूर कसा असावा, याचा तो साचा. त्यात ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ लिहिलं की अर्थ होतो, इथे शब्दातलं अक्षर हवं.

मित्रानं पायथनमध्ये म्युनिकचं जर्मन स्पेलिंग टाकलं, यूवरच्या दोन टिंबांसकट. पास! मग ‘परभणी’ टाकलं. उत्तर आलं, ‘परभण’. वेलांटी गायब! आम्ही इरेला पेटलो आणि जिल्ह्यातले ९ च्या ९ तालुके टाकले. मानवतचे दोन तुकडे, ‘म’ आणि ‘नवत’. पालमचं ‘प, लम’. सोनपेठचं ‘स, नप, ठ’. सेलूचं नुसतं ‘स, ल’. आणि पूर्णा? नाव पूर्णा, उरलं काय तर ‘प, र, ण’. एकही तालुका धड सुटला नाही यार.

कारण ऐका. युनिकोडच्या यादीत ‘ण’ हे अक्षर आहे, पण वेलांटी हे नुसतं चिन्ह. काना, मात्रा, उकार, अनुस्वार, सगळे त्याच रांगेत. टिंबवाल्या यूला मात्र स्वतःचा अख्खा कोड मिळालाय. (तोच यू साधा यू अधिक सुटी टिंबं असा टाईप केला, तर जर्मनीचीही परभणी होते.) शब्दात चिन्हंही धरा, असं युनिकोडवाले स्वतःच सांगतात. पर्ल ऐकते. पायथनसोबत येणारं ‘आरई’ ऐकत नाही, आणि तशी तक्रार २०११ मध्येच झाली होती. जावास्क्रिप्टचा हाच साचा तर फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोअर ओळखतो. तिथे दोघंही नापास!

इलाज अवघड नाही. पायथनमध्ये ‘रेजेक्स’ याच नावाचं वेगळं मॉड्यूल बसवायचं, नाहीतर साच्यात अक्षरांसोबत चिन्हंही चालतील असं स्पष्ट लिहायचं. पण त्यासाठी आधी कुणीतरी मराठीत नाव टाकून बघायला हवं ना!

मित्रानं बग रिपोर्टमध्ये ९ तालुके चिकटवले. डेव्हलपर म्हणाला, ‘‘मराठीत नाव कोण टाकतं बॉस?’’

‘‘माझी आई. सेलूहून.’’