मासा उपास करत नाही, तो भेदरलेला असतो



हल्ली स्वाध्याय संपून गप्पा सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास निघतो. "घरी मासे आणले, दोन दिवस झाले, काहीच खात नाहीत. काय करू?" मग कुणीतरी हसून म्हणतं, "जैनांच्या घरी आला ना, उपास धरला असेल!"

मला या विनोदाचं हसू येत नाही. उपास म्हणजे समोर अन्न असताना आपल्या इच्छेने केलेला त्याग. काचेत कोंडलेल्या जिवाला कसली इच्छा आणि कसला त्याग? तो घाबरला आहे म्हणून तोंड उघडत नाही. त्याला उपास म्हणणं हा आपल्याच तपाचा अपमान आहे.

जीव घरात आलाच आहे, म्हणून आधी उपाय सांगते. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखं गरम-थंड होतं. पहिल्या दिवशी खायला घालू नका. दिवा बंद ठेवा, लपायला आडोसा द्या, लेकरांना काचेवर टकटक करू देऊ नका. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट टाका आणि उरलेलं लगेच काढा. सडलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि त्या पाण्यात मासा आणखीच खाईनासा होतो. गोल्डफिशला उकडून साल काढलेला मटार चालतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाला बाधतं, म्हणून पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मगच वापरा.

आपल्या अकोला-अमरावतीचा उन्हाळाही लक्षात घ्या. पारा ४५ वर जातो, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद. माणसं कूलरपुढे बसूनही जेवत नाहीत, तिथे मासा काय खाणार?

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते. मासा तरीही खात नसेल तर दुकानदार सांगतो, "जिवंत खाद्य द्या." म्हणजे ट्युबिफेक्स हे गटाराच्या गाळात वाढणारे किडे, किंवा ब्लडवर्म म्हणजे डासासारख्या माशीच्या लाल अळ्या. डबाबंद दाण्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेकांवर 'फिश मील' असतं, म्हणजे माशांचीच पूड. वास्तुदोष जावा म्हणून ज्या अरोवानाचं कौतुक होतं, तो तर मांसाहारीच. आपण बटाटा सोडतो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, पाणी गाळून पितो. आणि दिवाणखान्यात एक पंचेंद्रिय जीव कोंडून त्याला दुसरे त्रस जीव चारतो. हे कोणत्या हिशेबात बसतं?

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पहिलाच आहे बंध. सर्वार्थसिद्धीत पूज्यपाद आचार्यांनी त्याचा अर्थ दिला आहे तो असा, की जिवाला जिथे जायचं आहे तिथे जाण्यापासून अडवणं. पाचवा आहे अन्नपाननिरोध. काचेच्या टाकीला यापेक्षा नेमकं नाव मला तरी सुचत नाही. आपले अठरावे तीर्थंकर अरनाथ भगवान, त्यांचं लांछन मत्स्य. मंदिरात त्या चिन्हापुढे हात जोडायचे आणि घरी येऊन तोच जीव शोभेला ठेवायचा?

काहीजणी म्हणतात, "आम्ही विकत घेऊन त्याला वाचवलं." वाचवलं नाही, बाई. तुमच्या पैशाने दुकानदार उद्या आणखी दहा आणतो. "मुलांना दया शिकते," असंही ऐकते. मेलेला मासा गुपचूप संडासात टाकून संध्याकाळी तसाच दुसरा आणताना मूल काय शिकतं? जीव बदलून मिळतो, एवढंच.

मृगसेन धीवराची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. मासे मारून पोट भरणारा माणूस. मुनिराजांनी त्याला एवढंच व्रत दिलं, की जाळ्यात आलेला पहिला मासा सोडून द्यायचा. तोच मासा पाच वेळा जाळ्यात आला आणि पाचही वेळा त्याने तो सोडला. ज्याची चूल माशांवर पेटत होती त्याला हे जमलं. आपलं तर माशावाचून काहीच अडत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नवे मासे आणू नका. वाढदिवसाला, वास्तुशांतीला मासा भेट देऊ नका; कुणी दिला तर नम्रपणे परत करा. जे घरात आहेत त्यांना मोठी टाकी, स्वच्छ पाणी आणि वेळेवर खाणं देऊन शेवटपर्यंत सांभाळा. दयेच्या नावाखाली त्यांना वडाळी तलावात किंवा मोर्णेत सोडू नका. टाकीतला मासा तिथे बहुधा मरतो, आणि जगलाच तर तिथल्या माशांचं अन्न खातो. सकर माशाने देशातल्या कितीतरी तलावांत हेच केलं आहे.

आणि शेवटचा मासा गेला की टाकी धुऊन कोरडी करा आणि माळ्यावर टाका. तिथे तुळशीची कुंडी छान दिसते.